जप्तीनंतरचा प्रश्न : पिवळ्या कार्डिनलला सोडायचे कुठे?

अर्जेंटिनात बेकायदा पक्षीविक्रीवर छापा पडला की त्याची बातमी ठरावीक पद्धतीने येते. इतके पिंजरे जप्त झाले, इतके पक्षी ताब्यात घेतले, इतक्यांवर गुन्हा दाखल झाला. सोबत लाकडी पिंजऱ्यांची रांग दाखवणारे छायाचित्र असते. त्या रांगेत कधी कधी डोक्यावर काळा तुरा असलेला पिवळा पक्षी दिसतो. पिंजऱ्याचे दार उघडून त्याला आकाशात सोडून द्यावे, प्रश्न मिटला, असे वाचणाऱ्याला सहज वाटते. पण संशोधकांचे काम खरे तर त्यानंतर सुरू होते. तो पक्षी कुठून पकडला हे विक्रेता सांगत नाही, बहुतेकदा त्यालाही ते ठाऊक नसते. आणि चुकीच्या जागी सोडलेला पक्षी वाचतोच असे नाही. उलट तो ज्यांच्यात सोडला त्यांचेही नुकसान करू शकतो.

हा पक्षी म्हणजे पिवळा कार्डिनल. शास्त्रीय नाव गुबर्नाट्रिक्स क्रिस्टाटा. आकाराने आपल्या बुलबुलाएवढा, साधारण २० सेंटिमीटर लांबीचा. नराचा गळा आणि तुरा काळा, भुवई आणि गालावरचा पट्टा झळझळीत पिवळा, पोट पिवळे, पाठ हिरवट आणि तिच्यावर काळ्या रेघा. मादीची ठेवण तीच, पण गालावर पांढरा आणि छातीवर करडा रंग. फ्रेंच पक्षितज्ज्ञ व्हिएयो यांनी १८१७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नावात कार्डिनल असले तरी उत्तर अमेरिकेतल्या लाल कार्डिनलशी त्याचे जवळचे नाते नाही. तो टॅनेजर कुळातला आहे.

अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचे अगदी दक्षिण टोक एवढाच त्याचा मुलूख. एके काळी तिथे सहज दिसणारा हा पक्षी आता जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. निसर्गात उरलेल्या प्रौढ पक्ष्यांची संख्या एक ते दोन हजारांच्या दरम्यान असावी, असा अंदाज आहे. ब्राझीलमध्ये तर तो फक्त रिओ ग्रांदे दो सुल राज्यात आणि तोही तुरळक उरला आहे. एवढ्या छोट्या संख्येत जप्त झालेल्या पाच-दहा पक्ष्यांचे मोलही मोठे असते. म्हणूनच त्यांना कुठे सोडायचे हा प्रश्न गंभीर ठरतो.

गाणेच वैरी झाले

पिवळ्या कार्डिनलला पकडतात ते मुख्यतः त्याच्या गाण्यासाठी. गातो नर, त्यामुळे मागणीही नरालाच. पकडण्याची रीत जुनी आणि साधी आहे. पाळलेला गाणारा नर पिंजऱ्यात घालून रानात नेऊन टांगायचा. त्याच पिंजऱ्याला जोडून सापळ्याचा दुसरा कप्पा असतो. आपल्या हद्दीत दुसरा नर गातो आहे हे ऐकून तिथला नर त्वेषाने धावून येतो, सापळ्यावर बसतो आणि दार पडते. हद्द राखण्याची उपजत वृत्तीच त्याला अडकवते. जो नर सर्वांत जोमाने हद्द राखतो, तोच सर्वांत आधी पिंजऱ्यात जातो.

याचा परिणाम केवळ संख्येवर होत नाही. एखाद्या भागातले नर कमी झाले की माद्यांना जोडीदार मिळत नाही. या पक्ष्याचा जवळचा नातलग असलेल्या दिउका नावाच्या करड्या पक्ष्याशी त्याचा संकर झाल्याच्या नोंदी रानातून मिळाल्या आहेत. नरांची टंचाई हे त्यामागचे एक कारण असावे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे पकडला जातो एक पक्षी, पण विस्कटते त्या भागातली वीण.

उरलेल्या जोड्यांपुढची नैसर्गिक संकटेही कमी नाहीत. ब्वेनोस आयरेस विद्यापीठातल्या संशोधकांनी घरट्यांवर नजर ठेवून केलेल्या अभ्यासात दोन शत्रू ठळकपणे पुढे आले. पहिला चकचकीत काऊबर्ड. आपल्या कोकिळेसारखा तोही दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो आणि घरमालकाची अंडी चोचीने फोडतो. दुसरा फिलोर्निस नावाच्या माशीच्या अळ्या. त्या पिल्लांच्या कातडीखाली शिरून त्यांच्या रक्तावर वाढतात. जास्त अळ्या लागल्या तर पिल्लू दगावते. संख्या भरपूर असताना कोणतीही जात असे नुकसान सोसते. हजार-दोन हजारांवर आलेल्या जातीला मात्र प्रत्येक फसलेले घरटे जड जाते.

काटेरी रानाचे घर

पिवळा कार्डिनल घनदाट जंगलात राहत नाही आणि उघड्या गवताळ प्रदेशातही नाही. त्याला या दोन्हींच्या मधले रान लागते. घरट्यासाठी काटेरी झाड आणि खाली दाणे, किडे टिपायला मोकळी जमीन. अर्जेंटिनाच्या सुप्रसिद्ध पाम्पा गवताळ प्रदेशाला कमानीसारखा वेढून असलेला असा पट्टा आहे. त्याचे नाव एस्पिनाल. स्पॅनिशमध्ये एस्पिना म्हणजे काटा. ईशान्येला कोरियेंतेस आणि एन्त्रे रिओस या प्रांतांपासून सुरू होऊन तो सान लुइस, ला पाम्पा असा नैर्ऋत्येकडे वळतो. तिथे न्यांदुबाय, कालदेन, एस्पिनीयो अशी काटेरी झाडे विखरून उभी असतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही झाडे वाटतात तितकी परकी नाहीत. न्यांदुबाय आणि कालदेन ही आपल्याकडच्या वेड्या बाभळीची भावंडे आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडातून भारतात आणलेली वेडी बाभूळ इथे माळराने, तळ्यांचे काठ गिळत सुटली, कारण तिला आवर घालणारी मूळ परिसंस्था इथे नव्हती. तिचे नातलग आपल्या मूळ जागी मात्र शेकडो जीवांचा आधार आहेत. झाड चांगले की वाईट हे त्याच्या जातीवर नव्हे, जागेवर ठरते. पक्ष्यांनाही हाच नियम लागू होतो, हे पुढे दिसेलच.

एस्पिनालचे दुर्दैव असे की तिथली जमीन कसदार आणि सपाट आहे. आधी सरपण, कुंपणाचे खांब आणि कोळसा यांसाठी झाडे तुटली. मग गुरांसाठी चराऊ राने साफ झाली. १९९६ मध्ये अर्जेंटिनाने तणनाशक सहन करणाऱ्या जनुकबदल केलेल्या सोयाबीनला परवानगी दिली आणि शेतीचे चित्र झपाट्याने पालटले. सोयाबीन पाम्पाची सीमा ओलांडून आजूबाजूच्या रानांत शिरले. आज अर्जेंटिना सोयाबीन तेल आणि पेंड यांचा जगातला आघाडीचा निर्यातदार आहे, आणि त्या तेलाच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांमध्ये भारत आहे. आपल्या स्वयंपाकघरातली एखादी तेलाची पिशवी नेमक्या कोणत्या शेतातून आली हे सांगता येत नाही. पण त्या व्यापाराचे एक टोक आपल्याकडे आहे, हे नाकारताही येत नाही.

कायदा आहे, पैसा नाही

अर्जेंटिनात कायदे नाहीत असे नाही. वन्यजीव संरक्षणाचा राष्ट्रीय कायदा १९८१ चा आहे. पिवळा कार्डिनल साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहे. रानासाठी २००७ मध्ये मूळ वनांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याची रचना समजायला सोपी आहे. प्रत्येक प्रांताने आपल्या वनांचा नकाशा करून तीन रंग द्यायचे. लाल म्हणजे हात लावायचा नाही. पिवळा म्हणजे वापर करता येईल, पण झाडे साफ करता येणार नाहीत. हिरवा म्हणजे परवानगी घेऊन जमीन दुसऱ्या कामाला लावता येईल. रान राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला मिळावा म्हणून राष्ट्रीय अर्थसंकल्पाच्या किमान ०.३ टक्के रक्कम एका निधीत टाकावी, असेही कायद्यात लिहिले आहे.

प्रत्यक्षात त्या निधीत पडणारी रक्कम या मर्यादेच्या खूपच खाली राहिली आहे. रान राखण्याचा मोबदला वेळेवर मिळत नाही आणि सोयाबीनचा भाव रोज समोर दिसतो, तेव्हा शेतकरी काय निवडेल हे वेगळे सांगायला नको. २०२३ च्या अखेरीस सत्तेवर आलेल्या सरकारने मांडलेल्या भल्यामोठ्या आर्थिक सुधारणा विधेयकात हा वनकायदा सैल करणाऱ्या तरतुदी होत्या. विरोधानंतर त्या अंतिम मसुद्यातून वगळल्या गेल्या. कायदा टिकला. तो राबवण्याचा प्रश्न मात्र जागच्या जागी आहे.

पिवळ्या कार्डिनलसाठी रंगांच्या या नकाशात आणखी एक अडचण आहे. काटेरी, विरळ रान डोळ्यांना ‘जंगल’ वाटत नाही. उंच झाडांच्या वर्षावनाला जी सहानुभूती मिळते ती खुरट्या काटेरी झाडांना मिळत नाही. महाराष्ट्रातल्या माळरानांची कथा याहून फार वेगळी नाही. तणमोर, धाविक, लांडगा, खोकड यांचे घर असलेली गवताळ जमीन सरकारी कागदोपत्री वर्षानुवर्षे ‘पडीक’ म्हणून नोंदली गेली आणि तिच्यावर झाडे लावणे हेच पुण्यकर्म समजले गेले.

आवाजावरून गाव ओळखणे

आता पुन्हा त्या जप्त केलेल्या पिंजऱ्याकडे येऊ. पक्षी कुठला, हे कसे ओळखायचे? पहिला सुगावा त्याच्या गाण्यातच आहे.

गाणारे पक्षी गाणे जन्मतः घेऊन येत नाहीत, ते शिकतात. पिल्लू आजूबाजूच्या मोठ्या नरांचे गाणे ऐकते, मनात साठवते, आधी बोबडे गाते आणि सराव करत करत ते पक्के करते. माणसाचे मूल भाषा शिकते त्याच्याशी या प्रक्रियेचे इतके साम्य आहे की मेंदूविज्ञानात पक्ष्यांच्या गाण्याला मोठे स्थान मिळाले. त्यातले पायाभूत काम ब्वेनोस आयरेसमध्ये जन्मलेल्या फर्नांडो नोटेबोम यांचे. गाण्याचे नियंत्रण करणारी मेंदूतली केंद्रे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये कॅनरी पक्ष्यात दाखवून दिली. पुढे १९८० च्या दशकात प्रौढ कॅनरीच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात हे त्यांनी सिद्ध केले. मोठ्या वयात मेंदूत नवी पेशी जन्मतच नाही, या तोवरच्या समजुतीला त्या संशोधनाने हादरा दिला. मेंदूच्या आजारांवरच्या पुढच्या अभ्यासांनाही त्यातून दिशा मिळाली.

त्याआधी, १९६९ मध्ये, नोटेबोम यांनी अर्जेंटिनातल्या चिंगोलो या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या बोलीभाषा नोंदवल्या होत्या. एकाच जातीचा पक्षी, पण प्रदेश बदलला की गाण्याचा शेवटचा कंप बदलतो. उघड्या गवताळ भागात तो जलद, झाडीत संथ. कारण झाडाच्या खोडांवर आणि पानांवर आवाज आदळून घुमतो आणि जलद स्वर एकमेकांत मिसळून जातात. नंतरच्या अभ्यासांत आणखी चकित करणारी गोष्ट दिसली. जिथे मूळ रान तोडून शेती झाली होती, तिथेही चिंगोलो जुन्या रानाला साजेशी बोली गात होते. रान गेले होते, पण त्याच्या खुणा गाण्यात पिढ्यान्‌पिढ्या उरल्या होत्या.

पिवळ्या कार्डिनलचेही तसेच आहे. कोरियेंतेसमधल्या नरांचे गाणे आणि दक्षिणेकडच्या नरांचे गाणे यांत फरक असतो. नराने हद्द राखायची आणि मादीने जोडीदार निवडायचा तो गाणे ऐकून. परक्या बोलीत गाणाऱ्या नराला शेजारी कितपत ओळखतील आणि मादी कितपत जवळ येऊ देईल, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

पण गाण्यावर पूर्ण विसंबता येत नाही. लहानपणीच पकडलेला पक्षी पिंजऱ्यात शेजारच्या पिंजऱ्यातले गाणे शिकतो. मग त्याची बोली त्याच्या गावाची नसते, बाजाराची असते. माद्यांबाबत तर ही कसोटीच निरुपयोगी. म्हणून दुसरा पुरावा लागतो, तो डीएनएचा. ब्वेनोस आयरेस विद्यापीठातल्या गटाने वेगवेगळ्या भागांतल्या रानटी पक्ष्यांचे नमुने घेऊन त्यांची आनुवंशिक तुलना केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसले की या पक्ष्याची उरलेली संख्या एकजिनसी नाही. त्यात वेगवेगळे आनुवंशिक गट आहेत आणि संवर्धनासाठी त्यांना स्वतंत्र धरायला हवे. एकदा हा संदर्भ-नकाशा हाती आला की जप्त पक्ष्याच्या रक्ताच्या थेंबावरून तो कोणत्या गटाशी जुळतो हे पाहता येते. ज्या गाण्यामुळे तो पकडला गेला, ते गाणे आणि त्याचे रक्त मिळून आता त्याचा पत्ता सांगतात.

दार उघडण्याआधी

पत्ता कळला तरी लगेच दार उघडत नाहीत. इथे आरोग्याचा प्रश्न येतो. बाजारातल्या गर्दीच्या पिंजऱ्यांत वेगवेगळ्या प्रदेशांतले, एरवी कधीच एकत्र न येणारे पक्षी एकमेकांना खेटून ठेवलेले असतात. एकाची विष्ठा दुसऱ्याच्या दाण्यात पडते. साल्मोनेला, देवीसदृश विषाणू, रक्तातले आणि आतड्यातले परजीवी यांना पसरायला याहून सोयीची जागा नाही. वरवर धडधाकट दिसणारा पक्षी रोग घेऊन रानात गेला तर आधीच कमी असलेल्या रानटी पक्ष्यांना त्याची बाधा होऊ शकते. साल्मोनेलासारखे काही जंतू माणसालाही आजारी पाडतात, त्यामुळे पिंजरे हाताळणाऱ्यांनाही काळजी घ्यावी लागते.

म्हणून जप्त पक्षी आधी वेगळे ठेवतात, त्यांच्या तपासण्या होतात. मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव देऊन पंखांचे स्नायू पुन्हा बळकट करावे लागतात. वर्षानुवर्षे वाटीतले दाणे खाल्लेल्या पक्ष्याला जमिनीवरचे अन्न शोधायला आणि माणसाला, शिकारी पक्ष्याला घाबरायला पुन्हा शिकावे लागते. जे शिकू शकत नाहीत त्यांना सोडता येत नाही. जप्त प्राण्यांविषयी आययूसीएनची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात, की रानात सोडणे हा अनेक पर्यायांपैकी एक आहे आणि तो आपोआप योग्य ठरत नाही.

अर्जेंटिनात विद्यापीठातले संशोधक, १९१६ पासून काम करणारी आवेस अर्खेन्तिनास ही पक्षी संघटना, टेमाइकेनसारखी पुनर्वसन केंद्रे आणि वनखाती मिळून हे काम करतात. तपासणी, आनुवंशिक ओळख, सराव आणि मग पायात कडे घालून मूळ गटाच्या भागात सुटका, असा त्याचा क्रम आहे. हे काम सावकाश चालते, त्याला खर्च येतो आणि एका वेळी हाती लागणारे पक्षी थोडे असतात. त्यामुळे हा जात वाचवण्याचा उपाय नव्हे, झालेल्या नुकसानाची अंशतः भरपाई आहे. सोडलेला नर त्याच ठिकाणी गाऊ लागला आणि तिथे पुन्हा सापळा टांगला गेला, तर सगळी मेहनत पिंजऱ्यात परत जाते. म्हणूनच अशा प्रकल्पांत गावच्या शाळा, जमीनमालक आणि वनरक्षक यांच्यासोबतचे काम प्रयोगशाळेइतकेच महत्त्वाचे मानले जाते.

भारतालाही हा धडा नवा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. तरीही पोपट आणि मुनिया बाजारात मिळतात. हिरवी मुनिया तर याच व्यापारामुळे दुर्मीळ होत चालली आहे. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या परिशिष्टांतल्या परदेशी जातीही भारतीय कायद्याच्या कक्षेत आल्या. म्हणजे पिवळ्या कार्डिनलसारखा पक्षी उद्या इथल्या कुणाच्या पिंजऱ्यात दिसला, तर त्याचा हिशेब इथेही द्यावा लागेल. पण जप्त केलेली मुनिया कोणत्या माळावरची, तिची तपासणी झाली का, तिला सोडले ते रान तिचे होते का, हे प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारले जातात. बहुतेकदा छायाचित्र निघते, पिंजरा उघडतो आणि टाळ्या वाजतात.

पिवळ्या कार्डिनलच्या बाबतीत संशोधकांनी हातात येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याचे गाव शोधण्याची सोय केली आहे. आता ते गाव उरले पाहिजे. प्रांतांच्या नकाशावर एस्पिनालच्या किती तुकड्यांना लाल आणि पिवळा रंग मिळतो, आणि त्या रंगांमागे कबूल केलेला पैसा येतो का, यावर ते ठरेल. यापुढे पक्षी जप्त झाल्याची बातमी वाचताना, मग ती कोरियेंतेसची असो वा पुण्याची, किती पिंजरे पकडले यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा : त्यातल्या पक्ष्यांना परत जायला रान शिल्लक आहे का?